द्रुतगती मार्गावर गाडी बंद पडली तर पहिल्या पाच मिनिटांत काय करावे?

पांथस्थ

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. कळंबोली ते किवळे या साधारण ९५ किलोमीटरच्या रस्त्यावरून येथील बहुतेक सभासद कधी ना कधी गेलेले असतील. गाड्यांच्या धाग्यांवर मायलेज, टायर आणि विम्याच्या हप्त्यांविषयी आपण पानेच्या पाने लिहितो, परंतु चालती गाडी भर रस्त्यात बंद पडल्यावर लगेच काय करायचे, याची नीट चर्चा मला येथे सापडली नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. बिघाड सहसा जीव घेत नाही, उभी गाडी जीव घेते. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात जवळपास २८ मीटर अंतर कापते, आणि पुढचे वाहन चालते नसून उभे आहे हे मागच्या चालकाच्या लक्षात येण्यातच एक-दीड सेकंद निघून जातो, कारण अशा रस्त्यावर समोर दिसणारी प्रत्येक गाडी चालतीच असणार असे तो गृहीत धरून बसलेला असतो. असे असताना आपण काय करतो? बॉनेट उघडून चौघे जण आत डोकावतात, स्टेपनी काढण्यासाठी डिकीतल्या बॅगा रस्त्यावर उतरवल्या जातात, आणि मुलांना ‘पाय मोकळे करायला’ खाली सोडले जाते. बऱ्याच गाड्यांत मागचे दिवे काही अंशी डिकीच्या दारावरच असतात. दार वर उचलले की ते दिवे आकाशाकडे पाहू लागतात आणि उरलेल्या दिव्यांसमोर आपणच उभे राहतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

चाहूल लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचा वेळ सर्वांत मोलाचा असतो. इंजिन बंद पडले तरी ८०च्या वेगातली गाडी सपाटीवर न्यूट्रलमध्ये काही शे मीटर सहज जाते. तेवढ्यात ब्रेकवर पाय देण्याची घाई न करता, आरशात पाहत, डावा इंडिकेटर देत एकेक लेन ओलांडून कडेची पट्टी गाठावी. चारही इंडिकेटर कडेला पोहोचल्यावर लावावेत, कारण ते आधीच लावले तर आपण डावीकडे वळत आहोत हे मागच्याला कळण्याचा मार्गच उरत नाही. किल्ली काढू नये. काढली की स्टिअरिंगला कुलूप लागते. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांपुरतीच शिल्लक असते, तेव्हा ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच ठामपणे दाबून धरावा. स्टिअरिंग जड होते, परंतु फिरते.

गाडी थांबली की चाके डावीकडे वळवून हातब्रेक ओढावा आणि सर्वांनी डाव्या दारांनी उतरावे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे डाव्या कडेला लावलेल्या गाडीत त्याचे दार नेमके वाहतुकीच्या अंगाला उघडते. गिअरच्या दांड्यावरून पाय काढत शेजारच्या आसनावर सरकणे अवघड असते आणि थोडे हास्यास्पदही दिसते. ते दिसू द्यावे. उतरल्यावर लोखंडी कठड्याच्या पलीकडे जावे, आणि गाडीच्या पुढे न थांबता मागे, म्हणजे वाहने जिकडून येतात त्या दिशेला, काही अंतर चालून उभे राहावे. गाडीला मागून धडक बसली तर ती पुढे फेकली जाते, आणि पुढे उभी असलेली मंडळी तिच्या वाटेत सापडतात.

हे सर्व सपाटीवरचे झाले. बोरघाटात कठड्याच्या पलीकडे थेट दरी असते, तेथे काय करावे याविषयी मला जाणकारांकडून ऐकायचे आहे.

सह्यवारा

पांथस्थ, तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. ‘कठड्याच्या पलीकडे जा’ हा सल्ला परदेशी माहितीपत्रकांतून जसाच्या तसा उचलला जातो, आणि खोपोली सोडल्यानंतर खंडाळ्यापर्यंत तो अनेक ठिकाणी पाळताच येत नाही. कडेची पट्टी तेथे अरुंद होत जाते, काही वळणांवर तर नसल्यासारखीच असते. एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला दरी.

त्यामुळे घाटात खरा निर्णय उतरण्याविषयीचा नसून थांबण्याच्या जागेविषयीचा असतो. वळण संपल्या संपल्या उभी राहिलेली गाडी मागच्याला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. गाडी कण्हत का होईना पुढे सरकत असेल, तर सरळ आणि रुंद तुकडा मिळेपर्यंत तिला नेलेच पाहिजे, मग चाक पंक्चर का असेना. हवा गेलेल्या टायरवर हळूहळू तीनशे-चारशे मीटर गेल्याने टायर कामातून जाईल आणि कदाचित रिमही वाकेल, परंतु तो खर्च काही हजारांचा आहे. बोगद्यांनाही हेच लागू आहे. भाताण, माडप, आडोशी, खंडाळा, कामशेत यांपैकी कोणत्याही बोगद्यात शिरण्याआधी गाडी कुरकुरू लागली असेल तर अलीकडेच जागा पाहावी, आणि आत असताना लागली तर बाहेर पडेपर्यंत थांबू नये.

पलीकडे दरी असेल तर अंधारात कठडा ओलांडण्याचे साहस कोणीही करू नये. कठड्याला चिकटून, वाहनांकडे तोंड करून, गाडीपासून मागे चालत जावे आणि जेथे कठड्याआड पाय ठेवण्यासारखी जमीन मिळेल तेथे थांबावे. डोंगराच्या अंगाला असाल तर गटार ओलांडून उभे राहता येते, परंतु पावसाळ्यात आधी वर मान करून पाहावे. आडोशी बोगद्याजवळ जुलै २०१५मध्ये दरड कोसळून माणसे दगावली होती, आणि जुलै २०२३मध्येही त्याच भागात दरड रस्त्यावर आली होती. सुटे दगड, ओघळणारी लाल माती किंवा नुकतेच फुटलेले पाण्याचे झरे दिसले तर ती जागा सोडावी.

पाना_काका

माझे गॅरेज पनवेलच्या बाजूला होते. आता मुलगा पाहतो. शनिवारी सकाळी घाट चढताना बंद पडलेल्या गाड्या आमच्याकडे यायच्या आणि त्यांतल्या बहुतेकांचा बिघाड अचानक झालेला नसायचा. गाडीने सांगितलेले असायचे, चालकाने ऐकलेले नसायचे.

चढावरच्या कोंडीत दोन गोष्टी जातात. पहिली क्लचप्लेट. अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरण्याची सवय असलेल्यांना जळका वास येतो आणि ते तो पुढच्या ट्रकचा समजून काच वर करतात. इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, असे झाले की तिचा शेवट जवळ आलेला असतो. अशा वेळी पुढचा चढ चढण्याचा हट्ट न धरता जागा असेल तेथे बाजूला घ्यावी. चढावर थांबताना गाडी हातब्रेकवर धरावी आणि क्लच पूर्ण सोडून न्यूट्रल करावे, एवढे पाळले तरी पुष्कळ वाचते.

दुसरे, तापलेले इंजिन. टेंपरेचरचा काटा मधल्या रेघेच्या वर सरकू लागला की एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण वेगाने लावावा. मे महिन्यात हे ऐकून लोक माझ्याकडे वेड्यासारखे पाहतात, परंतु हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनातली उष्णता बाहेर काढतो. रुंद जागा मिळेपर्यंतची दोन-तीन मिनिटे त्यातून मिळतात. काटा लाल पट्ट्यात गेला, तर मात्र थांबून इंजिन बंद करावे.

यानंतरची चूक भाजून काढणारी असते. रेडिएटरचे किंवा कूलंटच्या टाकीचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये, हातात ओले फडके असले तरी नाही. त्या यंत्रणेत दाब असतो, त्यामुळे आतले पाणी १००च्या वर, ११५-१२० अंशांपर्यंतही न उकळता राहू शकते. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि ते सगळे एकदम उकळून तोंडावर येते. वरचा जाड रबरी पाइप हाताला सोसवेल इतका निवेपर्यंत वाट पाहावी. त्याला बराच वेळ लागतो. इंजिनावर बाटलीतले गार पाणी ओतू नये, तापलेल्या धातूला तडा जातो.

उतारावर, म्हणजे पुण्याकडून मुंबईकडे येताना, प्रश्न ब्रेकचा असतो. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, असे जुने चालक सांगत. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर ट्रक सोडणारे आजही आहेत, आणि अवजड वाहनांची लेन डावीकडची, म्हणजे तुमच्या उभ्या गाडीला खेटून जाणारी आहे. पांथस्थांनी गाडीपासून दूर जायला सांगितले त्यामागचे हे आणखी एक कारण.

निमशहरी

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु मागून येणाऱ्यांना सावध करण्यासाठी बंद गाडीच्या मागे काही अंतरावर ठेवायच्या त्रिकोणाचा विषय अजून कोणी काढलेला नाही. माझा त्या त्रिकोणावर विश्वास नाही. गाडीसोबत मिळतो तो इतका हलका असतो की शेजारून कंटेनर गेला की आडवा होतो. शिवाय तो ठेवण्यासाठी भर रस्त्यावरून मागे चालत जायचे, म्हणजे ज्या धोक्यापासून वाचायचे त्याच्याच तोंडी जायचे. ट्रकवाले मागे दगड आणि झाडाची डहाळी ठेवतात, ते मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पांथस्थ

निमशहरी, डहाळीचे मान्य, दगडाचे मुळीच नाही. डहाळी दुरून दिसते आणि चाकाखाली आली तरी काही बिघडत नाही. दगड रात्री दिसत नाही आणि ट्रक दुरुस्त होऊन गेल्यावर तो तेथेच पडून राहतो. मग मागून येणाऱ्या एखाद्या गाडीची ऑइल चेंबर त्यावर फुटते. चढावर चाकाखाली दगड लावला असेल तर तोही निघताना उचलून कठड्याबाहेर टाकलाच पाहिजे.

त्रिकोणाविषयी थोडे गणित करू. आपल्याकडे ५० मीटर हे अंतर नेहमी सांगितले जाते. ताशी १०० किलोमीटर वेगाने ५० मीटर कापायला दोन सेकंदही लागत नाहीत, म्हणजे चालकाने त्रिकोण पाहून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत तो तुमच्या डिकीजवळ आलेला असतो. शहरातल्या रस्त्याला हे अंतर ठीक आहे. द्रुतगती मार्गावर ठेवायचाच असेल तर शंभर मीटरच्या पुढे ठेवावा, नाहीतर त्यासाठी जीव धोक्यात घालू नये.

टेम्सकाठी

निमशहरींची शंका येथे इंग्लंडमध्ये अधिकृतपणे मान्य झालेली आहे, हे वाचून त्यांना बरे वाटेल. येथील वाहतूक नियमपुस्तिका इतर रस्त्यांवर त्रिकोण ठेवण्यास सांगते, परंतु मोटरवेवर तो ठेवू नका असे स्पष्ट बजावते. डाव्या दारांनी उतरा, कठड्यामागे जा आणि तेथून फोन करा, एवढाच क्रम आहे. येथेही वाहने डावीकडूनच चालतात, त्यामुळे पांथस्थांनी लिहिलेली सरकण्याची कसरत आम्हालाही करावी लागते. मोटरवेच्या कडेला दर शंभर मीटरवर लहान खुंट असतात. त्यांवरचा बाण जवळचा आपत्कालीन फोन कोणत्या दिशेला आहे ते दाखवतो आणि क्रमांकावरून तुमची जागा कळते.

येथे काही मोटरवेंवर कडेची पट्टीच वाहतुकीला खुली करून टाकण्याचा प्रयोग झाला. बंद पडलेल्या गाडीला थांबायला जागाच न उरल्यामुळे त्यावर इतकी टीका झाली, की २०२३मध्ये सरकारने असे नवे रस्ते बांधण्याचा बेत रद्द केला. कडेच्या पट्टीची किंमत ती गेल्यावर कळली.

ऱ्हाइनकाठी

आणि जर्मनीत नेमके उलटे आहे! येथे गाडीत त्रिकोण असणे बंधनकारक आहे आणि वेगवान रस्त्यावर तो सुमारे शंभर मीटर मागे ठेवावाच लागतो. ऑटोबानवर त्याहून अधिक अंतर ठेवण्याची शिफारस केली जाते. परंतु त्रिकोण उघडून छातीसमोर धरायचा, म्हणजे चालतानाही तो दिसत राहतो, आणि कठड्यामागून चालायचे, असे शिकवले जाते. शिवाय २०१४पासून प्रत्येक गाडीत किमान एक चमकते जाकीट ठेवणे सक्तीचे झाले आहे. ते डिकीत नव्हे, आसनाजवळ ठेवायचे, म्हणजे उतरण्याआधीच अंगात घालता येते. आपल्याकडे रस्त्याची कामे करणारे कामगार घालतात तसलीच ही जाकिटे असतात आणि ती हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात मिळतात.

स्पेनने तर २०२६च्या जानेवारीपासून त्रिकोण मोडीत काढून गाडीच्या टपावर ठेवायचा लुकलुकता दिवा सक्तीचा केला. तो काचेतून हात बाहेर काढून टपावर चिकटवता येतो, खाली उतरावेच लागत नाही. त्रिकोण ठेवायला गेलेली माणसे रस्त्यावर मारली जातात, हेच त्यामागचे मुख्य कारण होते.

पांथस्थ

दोघांचेही आभार. तिन्ही देशांचे नियम वेगळे असले तरी त्यांमागचा प्रश्न एकच आहे: मागे चालत जाण्यासाठी सुरक्षित वाट आहे का? मी त्यावरून स्वतःपुरता असा निष्कर्ष काढला आहे की, खालापूर किंवा तळेगावच्या सपाटीवर, दिवसा, कठड्यामागे चालण्यासारखी जमीन असेल तर जाकीट घालून शंभर मीटरच्या पुढे त्रिकोण ठेवावा. घाटात, रात्री, दाट धुक्यात किंवा मुसळधार पावसात तो नाद सोडून द्यावा. टपावर चिकटणारा चुंबकी दिवा आपल्याकडेही ऑनलाइन मिळतो.

धुक्याचा उल्लेख आलाच आहे, तर एक तक्रारही करतो. पाऊस सुरू झाला किंवा बोगदा आला की चारही इंडिकेटर लावून चालणारे असंख्य लोक आहेत. लोणावळ्याच्या धुक्यात समोर लुकलुकणारी गाडी चालती आहे की बंद पडलेली, हे मग कळणार कसे? ते दिवे उभ्या गाडीचे आहेत.

रानजाई

मी हा धागा सुरुवातीपासून वाचते आहे, आणि एका बाबतीत मला आपल्या सर्वांना थांबवावेसे वाटते. ‘गाडीबाहेर पडा आणि कठड्यामागे उभे राहा’ हे पुरुषांनी पुरुषांसाठी लिहिल्यासारखे वाटते. रात्री अकरा वाजता एकटी बाई गाडीबाहेर अंधारात उभी राहिली, तर तिला भीती फक्त मागून येणाऱ्या ट्रकची नसते. माझ्या ओळखीतल्या प्रत्येक मुलीला घरून हेच सांगितलेले आहे की काहीही झाले तरी दारे लॉक करून आत बसायचे. हा सल्ला चूक आहे असे आपण म्हणणार असाल, तर त्याऐवजी काय करायचे तेही सांगायला हवे.

सह्यवारा

रानजाई, आक्षेप अगदी रास्त आहे. गावातल्या रस्त्यावर, वस्तीजवळ, वाहने हळू जात असतील तेथे दारे लॉक करून बसणे हेच योग्य. द्रुतगती मार्गाच्या कडेला मात्र मागून येणाऱ्या ट्रकला लॉक केलेले दार अडवत नाही.

यातून मला दिसलेली वाट अशी. गाडी सरकत असेल तोवर माणसांच्या जागेपर्यंत जाण्याचा प्रयत्न करावा: टोलनाका, फूड मॉल, पेट्रोल पंप. ते शक्यच नसेल तर उतरण्याआधी आत बसूनच ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा, घरच्यांना चालू ठिकाण पाठवावे, मग डाव्या दाराने उतरून गाडी लॉक करावी आणि कठड्याआड बरेच मागे जाऊन थांबावे, फोनचा दिवा न लावता. लुकलुकणाऱ्या गाडीकडे सगळ्यांचे लक्ष जाते. तिच्यापासून तीस-चाळीस मीटर दूर, काळोखात, कठड्यामागे बसलेले माणूस रस्त्यावरून कोणालाही दिसत नाही. कोणी आगंतुक गाडीजवळ थांबलाच, तर पुढे व्हायचे की नाही हे ठरवायला तुम्हाला वेळ मिळतो.

रानजाई

अंधार आपल्या बाजूने असू शकतो, हा विचार मी केला नव्हता. माझे पूर्ण समाधान झाले असे म्हणणार नाही, परंतु या क्रमात ‘आधी फोन, मग उतरणे’ हे आहे, ते मला पटले. त्यात एवढी भर घालते की घाटात आणि बोगद्यांजवळ मोबाइलची रेंज जाते-येते. त्यामुळे कोणता बोगदा किंवा कोणता फाटा मागे पडला हे गाडी चालवतानाच लक्षात ठेवण्याची सवय असावी.

दुसरी_बाजू

फोनविषयी थोडे नेमके लिहितो, कारण यात गोंधळ फार आहे. १०३३ हा क्रमांक राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. पुणे-सातारा-कोल्हापूर, मुंबई-नाशिक किंवा मुंबई-गोवा महामार्गावर तो उपयोगी पडतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग हे राज्य रस्ते विकास महामंडळाचे आहेत. त्यांचे मदत क्रमांक वेगळे असून ते टोलनाक्यांवर आणि रस्त्याकडेच्या फलकांवर लिहिलेले असतात. निघतानाच त्यांचा फोटो काढून ठेवावा. ११२ सर्वत्र चालतो, आणि कोणी जखमी असेल तर १०८. फोनवर ‘लोणावळ्याच्या थोडे अलीकडे’ असे न सांगता पुण्याकडे जात आहात की मुंबईकडे आणि जवळच्या फलकावर कोणता किलोमीटर लिहिला आहे, एवढे सांगितले की पुरते. दिशा चुकली तर मदत करणारी गाडी दुभाजकाच्या पलीकडच्या बाजूला येते आणि तिला वळायला पुढचा निर्गममार्ग गाठावा लागतो.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या १२२व्या कलमानुसार वाहन धोकादायक स्थितीत सोडून जाता येत नाही, आणि २०१व्या कलमानुसार बंद वाहनाने वाहतूक अडवल्यास दंड होऊ शकतो. घाबरून जाण्यासारखे त्यात काही नाही. परंतु गाडी तशीच टाकून, कोणालाही न कळवता, मेकॅनिक शोधायला निघून जाणे योग्य नव्हे.

क्रेनवाल्यांविषयी माझा अनुभव कडू आहे. न बोलावता आलेल्या क्रेनने गाडी आधी उचलली आणि दर नंतर सांगितला. घासाघीस करायला तोवर उशीर झाला होता. विमा कंपनीची किंवा गाडीच्या कंपनीची रस्त्यावरील मदत सेवा घेतलेली असेल तर तिचा क्रमांक आणि पॉलिसी क्रमांक चालकाच्या फोनमध्ये असावा, पॉलिसी ज्यांच्या नावावर आहे त्या वडिलांच्या कपाटात नसावा. बाहेरची क्रेन घ्यावीच लागली तर कुठपर्यंत आणि किती, हे क्रेनचा आकडा गाडीला लागण्याआधी संदेशात लिहून घ्यावे.

वऱ्हाडी_वाटसरू

समृद्धीचा विषय निघालाच आहे, तर नागपूरकर म्हणून लिहितो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५मध्ये शेवटच्या टप्प्यासह पूर्ण झाला. घाटासारखी जागेची अडचण आमच्याकडे नाही. कडेची पट्टी रुंद आहे आणि रस्ता सरळसोट. अडचण ऊन आणि अंतर यांची आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४५च्या घरात असतो, झाड जवळपास नसते, आणि मदत यायला वेळ लागतो. अशा वेळी लोक काय करतात, तर बंद गाडीच्या किंवा ट्रकच्या सावलीत, चाकाला टेकून, सतरंजी टाकून बसतात, डबाही उघडतात. ते मी इतक्यांदा पाहिले आहे की आता गाडीचा वेग कमी करून हॉर्न वाजवतो. कारसाठी १२०ची मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. तासन्‌तास सरळ रस्ता पाहून मागच्या चालकाचे डोळे जड झालेले असतात आणि तो न कळत त्या पट्टीवर येतो.

म्हणून डिकीत माणशी दोन लिटर तरी पाणी आणि दोन मोठ्या छत्र्या ठेवाव्यात. सावली आपली आपण घेऊन कठड्यापलीकडे जाता येते. निघण्याआधी टायरची हवा पाहावी; कमी हवेचा टायर सिमेंटच्या तापल्या रस्त्यावर वेगाने धावला की त्याची बाजू सारखी दुमडत राहते, तापते आणि फुटते.

निमशहरी

एक प्रश्न राहिला. गाडी उजव्या लेनमध्ये, दुभाजकाशीच बंद पडली आणि डावीकडे येताच आले नाही, तर?

पांथस्थ

यात सर्वांत वाईट पर्याय म्हणजे उतरून तीन लेन पळत ओलांडणे. जितके डावीकडे येता येईल तितके यावे. नाहीच आले, तर गाडी दुभाजकाला शक्य तितकी चिकटवावी, दिवे लावावेत, पट्टे बांधलेले ठेवून, डोके आसनाला टेकवून आत बसावे आणि ताबडतोब ११२ला ‘उजव्या लेनमध्ये उभा आहे’ असे या शब्दांत सांगावे. दुभाजकाच्या आत उभे राहण्याजोगी रुंद जागा असेल आणि त्या बाजूचे दार उघडत असेल तर तेथे जाता येईल. अन्यथा वाहतूक अडवली जाईपर्यंत आतच बसावे. धूर किंवा आग दिसली तर मात्र हा नियम मोडलाच पाहिजे.

पाना_काका

आगीचे आणि टोचनाचे दोन शब्द लिहून मी थांबतो.

बॉनेटमधून धूर येत असेल तर आधी वास घ्यावा. कूलंटची वाफ पांढरी आणि गोडसर वासाची असते. जळक्या रबराचा किंवा वायरींचा वास असेल, तर गाडी बंद करून सर्वांनी बाहेर पडावे आणि बॉनेट पूर्ण उघडू नये; आत एकदम हवा गेली की भडका होतो. सामान काढायला परत जाऊ नये. सीएनजीच्या गाडीत गॅसचा वास आला तर इंजिन बंद करावे, काचा उघडाव्यात, दिव्यांचे किंवा पंख्याचे कोणतेही बटण चालू-बंद करत बसू नये, आणि टाकीची हाताने बंद होणारी झडप सहज हाताशी असेल तरच ती बंद करून दूर जावे. ती झडप नेमकी कुठे आहे हे बहुतेक मालकांना माहीत नसते. सर्व्हिसिंगच्या वेळी विचारून घ्यावे.

टोचन करून गाडी नेणे द्रुतगती मार्गावर टाळावे. बंद इंजिनाच्या गाडीचे ब्रेक आणि स्टिअरिंग जड असतात, पुढच्याने ब्रेक मारला की मागचा त्याच्यावर जाऊन आदळतो. गावातल्या रस्त्यावर दोराने न्यावीच लागली, तर दोन गाड्यांमध्ये पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, दोराला मधोमध लाल फडके बांधावे, आणि मागच्या गाडीची किल्ली चालू स्थितीत असावी. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाड्यांची चालणारी चाके जमिनीवर ठेवून त्यांना कधीच ओढू नये. ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स तेलाविना घासला जातो, आणि इलेक्ट्रिकची मोटर चाकांबरोबर फिरून वीज तयार करू लागते. क्रेनवाल्याला फोनवरच ‘सपाट फळीची गाडी पाठवा’ असे सांगावे. तो आकडेवाली घेऊन आला, तर तिला परत पाठवून दुसरीची वाट पाहावी.